वक्तृत्वाच्या ढाली घेऊन नाटकाच्या दारात

नागपूरच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. बारावी झाली आहे आणि पुण्याच्या ललित कला केंद्रात नाटकाच्या पदवीसाठी अर्ज करायचा आहे. पाचवीपासून वक्तृत्व, नववीपासून वादविवाद, ४० च्या वर बक्षिसं. नाटकं मात्र दोनच, तीही कॉलेजच्या एकांकिका. एकीत मोलकरीण, दुसरीत गर्दीतली बाई. ती विचारते, "एवढं वक्तृत्व अर्जात आणि ऑडिशनला कसं मांडू? आमचे एक सर म्हणतात, सांगूच नको, भाषणवाली मुलगी दिसली की परीक्षक तोंड वाकडं करतात. खरं आहे का?"

अर्धं खरं आहे. परीक्षक तोंड वाकडं करतात ते अर्जातल्या वक्तृत्वावर नाही, उताऱ्यात शिरलेल्या वक्तृत्वावर. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या तर तुझी चाळीस बक्षिसं तुझ्या कामी येतील. नाही आल्या तर तीच आडवी येतील.

मी वीस-बावीस वर्षांपासून नागपुरात मुलांची नाटकं बसवते, प्रवेशाची तयारी करून घेते, दोन-तीनदा टेबलाच्या पलीकडेही बसले आहे. त्याआधी मीही तुझ्यासारखीच, बर्डीवरून बस पकडून गावोगाव ढाली आणायला जाणारी मुलगी होते. त्यामुळे लपवायचा सल्ला मला पटत नाही. एक तर ते लपत नाही. वक्तृत्वातली मुलं स्वतःचं नाव सांगतानासुद्धा आडनावाच्या आधी जरा थांबतात, आणि 'नमस्कार' म्हणताना त्यांची नजर डावीकडून उजवीकडे फिरते. टेबलामागे बसलेल्या माणसाला तेवढ्यात कळतं.

आधी माझी फजिती सांगते. विसाव्या वर्षी मी एका संस्थेत प्रवेशासाठी गेले होते. उतारा होता एका आईचा, जिचा मुलगा घर सोडून गेला आहे. मी जीव ओतला. आरोह झाले, अवरोह झाले, शेवटच्या वाक्याला आवाज कापला, डोळ्यांत पाणी आलं. संपल्यावर टेबलामागच्या एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, "बेटा, तू कोणाशी बोलत होतीस?" मी म्हटलं, "प्रेक्षकांशी, सर." ते म्हणाले, "मुलगा कुठे होता?" मला उत्तर देता आलं नाही. मुलगा कुठेच नव्हता. मी त्या आईवर भाषण केलं होतं. त्या वर्षी माझं नाव यादीत नव्हतं. घरी येताना गाडीत रात्रभर मी परीक्षकांना मनातल्या मनात खंडनाचे मुद्दे ऐकवत होते. सवय!

वक्तृत्व आणि अभिनय यांतला फरक मी मुलांना एवढाच सांगते की वक्त्याला आपल्या वाक्याचा शेवट आधीच माहीत असतो, पात्राला तो माहीत नसतो. भाषणात तू समोरच्यांना एका ठिकाणी नेतेस, तिथे टाळी पडणार हे तुला घरूनच ठाऊक असतं. म्हणून आवाज आधीच त्या टाळीकडे चढायला लागतो. पात्र बिचारं अंधारात चाचपडत असतं. त्याला काहीतरी हवं असतं, ते मिळेना म्हणून ते पुढचं वाक्य बोलतं.

एक वाक्य घेऊन दाखवते. समज, उताऱ्यात वाक्य आहे: "बाबा, चाव्या मीच घेतल्या होत्या." माझ्याकडे गेल्या उन्हाळ्यात आलेल्या एका मुलाने ते असं म्हटलं: "बाबा" वर नजर वर, मग दोन सेकंद थांबा, मग "चाव्या" हळू, "मीच" वर सगळा भार, उजवा हात छातीवर, आणि "घेतल्या होत्या" खाली उतरत जवळजवळ कुजबुज. ऐकायला सुरेख. राज्यपातळीचं बक्षीस नक्की. मी विचारलं, "बाबा आत्ता काय करून राहिले आहेत?" तो गडबडला. मी म्हटलं, "ते पलंगाखाली वाकून चाव्या शोधून राहिले आहेत. त्यांची पाठ दुखते. अर्ध्या तासापासून शोधतायत आणि तू बघतो आहेस. आता सांग." दुसऱ्यांदा त्याने ते वाक्य जवळजवळ घाईत टाकलं, "बाबा-चाव्या-मीच-घेतल्या-होत्या", आणि एक पाऊल मागे सरकला. मागे सरकणं त्याने ठरवलं नव्हतं. मला तेच हवं होतं. गंमत म्हणजे त्याला स्वतःला ते फार पुचाट वाटलं. "मॅडम, यात काहीच एक्स्प्रेशन नाही आलं." हे वाक्य मी दर वर्षी ऐकते.

आता अर्जाकडे येऊ, कारण तिथे काम सोपं आहे आणि तिथेच मुलं जास्त घोळ घालतात. माझ्याकडे येणाऱ्या बायोडेटात चार-चार पानं बक्षिसांची असतात. आंतरशालेय प्रथम, जिल्हास्तरीय द्वितीय, अमुक जयंतीनिमित्त उत्तेजनार्थ, सगळं तारीखवार. परीक्षकाला एका दिवसात कित्येक मुलं बघायची असतात, त्याला ते पान नुसतं राखाडी दिसतं. शिवाय चाळीस नोंदींच्या खाली 'नाटक' म्हणून दोन ओळी आल्या की त्या दोन ओळी आणखीच केविलवाण्या वाटतात.

नाटक वर घे. दोनच असली तरी वर. एकांकिकेचं नाव, वर्ष, भूमिका, दिग्दर्शक, कुठल्या स्पर्धेत. मोलकरीण असेल तर मोलकरीणच लिही, 'महत्त्वपूर्ण सहायक भूमिका' नको. पडद्यामागे काही केलं असेल, म्हणजे नेपथ्य उचललं, कपड्यांना इस्त्री केली, प्रॉम्प्टिंग केलं, तर तेही लिही. नाटक शिकवणाऱ्यांना ती ओळ फार आवडते, कारण झाडू मारणारा विद्यार्थी पहिल्या वर्षाला उपयोगी असतो. मग वक्तृत्वाचा वेगळा मथळा, आणि त्याखाली यादीऐवजी चार ओळी. साधारण अशा:

वक्तृत्व आणि वादविवाद, २०१८ ते २०२५. आंतरशालेय ते राज्य पातळीवर ४० हून अधिक स्पर्धांत सहभाग. सर्व भाषणांचं लेखन स्वतःचं. वादविवादात दुसरी वक्ता, मुख्य काम खंडनाचं. उत्स्फूर्त स्पर्धांत पाच मिनिटांच्या तयारीवर बोलण्याचा सराव.

आणि शेवटी दोन किंवा तीन स्पर्धांची नावं, जी सगळ्यांना माहीत आहेत तीच. 'लोकसत्ता'च्या 'वक्ता दशसहस्रेषु'मध्ये पुढच्या फेरीपर्यंत गेली असशील, तर ते लिही. गल्लीतल्या गणेश मंडळाचं राहू दे.

या चार ओळींत क्रमांक एकही नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. क्रमांकावरून कळतं की तू जिंकलीस. लेखन स्वतःचं होतं, खंडन तू करायचीस, यावरून कळतं की तुला काय येतं. परीक्षकाला दुसरी गोष्ट हवी असते.

आणि कृपा करून एकपात्रीला नाटक म्हणू नको. एका मुलाने शाळेतल्या एकपात्री प्रयोगाची नोंद 'ऐतिहासिक नाटक, प्रमुख भूमिका' अशी केली होती. परीक्षकाने सहज विचारलं, "सोबत कोण कोण होतं?" त्या पुढची दहा मिनिटं मला आठवली तरी कसंतरी होतं. विद्यापीठांच्या युवक महोत्सवात तर हा भेद आधीच केलेला आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवात वक्तृत्व आणि वादविवाद हे वाङ्मयीन प्रकारांत मोडतात. एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय आणि नकला हे रंगमंचीय प्रकारांत. दोन्ही संघ एकाच बसमध्ये भेळ खात जातात, पण कागदावर त्यांचे रकाने वेगळे. अर्जातही वेगळेच ठेव.

पुढेमागे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विचार करणार असशील तर हे आत्ताच डोक्यात ठेव. तिथे तीन वर्षांच्या पदविकेला आधी पदवी लागते, हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान लागतं, आणि किमान सहा नाटकांतला सहभाग मागितला जातो. त्या सहांत भाषणाची ढाल धरली जात नाही. म्हणजे पुण्यात प्रवेश मिळो न मिळो, पुढच्या तीन वर्षांत नाटकांची संख्या वाढवणं हे काम आहेच. आणि कार्यक्रमपत्रिका जपून ठेव, ज्यात नाव छापलेलं असतं ती. मुलं प्रमाणपत्रं लॅमिनेट करतात आणि पत्रिका भजी गुंडाळायला देतात.

आता उतारा. इथे वक्तृत्वातल्या मुलांचा हात हमखास चुकतो. त्यांना भाषणासारखाच उतारा आवडतो. न्यायालयात उभा असलेला आरोपी, सिंहासनासमोरचा राजपुत्र, समाजाला जाब विचारणारी स्त्री. वाचतानाच त्यांच्या अंगावर काटा येतो, कारण त्यात टाळीच्या जागा दिसतात. हे सगळं तू करू शकतेस यात शंका नाही, आणि नेमकं म्हणूनच करू नको. परीक्षकाला तू बोलू शकतेस हे अर्जावरूनच कळलं आहे. तुला बोलता आलं नाही तर काय होतं, हे त्याला बघायचं आहे.

म्हणून असं पात्र शोध ज्याला धड बोलता येत नाही. जे अर्धं वाक्य सोडून देतं, विषय बदलतं, खोटं बोलतं, उगाच हसतं. उताऱ्यात प्रश्न जास्त असावेत आणि घोषणा कमी. आणि समोर कोणीतरी एक माणूस असावा, सभागृह नसावं. आपल्याकडे शाळेत नाट्यछटा करून घेतात. एकच जण बोलतो, आणि समोरच्याचं बोलणं आपल्याला बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून कळतं. मुलांना ती बालिश वाटते. पण वक्त्याला नट करायला त्याहून चांगला व्यायाम मला सापडलेला नाही. कारण नाट्यछटेत ऐकावं लागतं, जो माणूस तिथे नाहीच त्याचं. तू "काय म्हणालात?" म्हणतेस तेव्हा खरंच काहीतरी ऐकू आलं पाहिजे, नाहीतर ते चटकन उघडं पडतं.

ऐकण्यावरून आठवलं. तुझ्या दोन्ही कलांत मला वादविवाद जास्त मोलाचा वाटतो, वक्तृत्वापेक्षा कितीतरी. लोक उलट समजतात. वक्तृत्वात भावना असते म्हणून ते अभिनयाजवळचं, आणि वादविवाद म्हणजे कोरडा तर्क, असं. पण दुसऱ्या वक्त्याचं काम आठव. समोरचा बोलतोय, तुझ्या हातात पेन आहे, तुझा तयार मुद्दा त्याने आधीच खाऊन टाकला आहे, आणि दोन मिनिटांत तुला उठायचं आहे. त्या दोन मिनिटांत तुझ्या पोटात जे होतं ते रंगमंचावर लागतं. समोरच्याने दिलं ते घेऊन, त्याच्यावरच पुढचं बोलणं. मुलाखतीत "वक्तृत्वाचा नाटकाला काय उपयोग?" असं विचारलं तर आवाज, स्टेज डेअरिंग, पाठांतर हे सगळे सांगतात. तू खंडनाचा एखादा प्रसंग सांग. विषय काय होता, समोरच्याने काय म्हटलं, तुझं काय फिस्कटलं, मग तू काय केलंस. जिंकलीस की हरलीस हे आलं नाही तरी चालेल. हरलेला प्रसंग तर आणखी बरा.

मुलाखतीतलं आणखी एक. "नाटकच का?" या प्रश्नाला तयार उत्तर नेऊ नको. 'रंगभूमी हा समाजाचा आरसा आहे' असं सुरू झालं की टेबलावरची पेनं खाली ठेवली जातात, हे मी पाहिलं आहे, आणि खरं सांगायचं तर एकदा माझंही ठेवलं गेलं आहे. शेरोशायरी तर नकोच. परीक्षकांशी वाद जिंकायलाही जाऊ नको. कुणी म्हणालं, "तुझं सादरीकरण जरा भाषणी वाटलं," तर तुझ्या तोंडून "मला नम्रपणे असं म्हणायचं आहे की" हे निघायच्या आत जीभ चाव. ते बहुधा मुद्दाम डिवचतात. तू ऐकून घेतेस का आणि बदलतेस का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

बदल हाच खरा पेपर असतो. उतारा संपला की पुष्कळदा सांगतात, "आता हेच पुन्हा कर, पण शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय." किंवा "समोरचा माणूस तुझं ऐकतच नाहीये, त्याला जेवायला उशीर होतोय." वक्तृत्वातली मुलं काय करतात? पहिल्यांदा तेच सगळं हळू आवाजात करतात. थांबे तेच, हात तेच, भार तेच, फक्त आवाजाची कळ खाली. कारण भाषण त्यांच्या गळ्यात एकाच चालीत बसलेलं असतं, आरतीसारखं. चाल काढली तर शब्दही जातात.

म्हणून पाठांतराची पद्धतच बदलावी लागते. उतारा मोठ्याने पाठ करू नको. पुटपुटत, सपाट, किराण्याची यादी वाचल्यासारखा पाठ कर, म्हणजे शब्द बसतात आणि चाल बसत नाही. मग तो कामं करता करता म्हण. पोळ्या लाटताना, पांघरुणाच्या घड्या घालताना, लहान भावाचे बूट शोधताना. पोळी तव्यावर करपायला लागली की वाक्य मध्येच तुटतं आणि मग भलत्याच ठिकाणाहून पुन्हा सुरू होतं, तेव्हा पहिल्यांदा ते माणसाचं वाटतं. माझ्या घरी सराव कूलरसमोर होतो. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करणं शक्य नाही, आणि ते धूड असं घरघरतं की वक्तृत्वाचं पोर आपोआप आवाज चढवतं. मी म्हणते, कूलरला हरवू नको, मी तीन फुटांवर बसली आहे, मला सांग. पहिले चार दिवस ते जमत नाही. मग एका दिवशी मूल जवळ सरकतं, वाकतं, आणि कूलरच्या आवाजाखालून बोलायला लागतं.

अंगाचंही बघ. पोडियमच्या मागे वक्त्याला पाय नसतात. वर्षानुवर्षं कमरेच्या वरचंच शरीर कामाला लावलेलं असतं: तर्जनी, मूठ, उघडा तळवा, पुन्हा तर्जनी. रिकाम्या जागेत उभं केलं की हीच मुलं पाय जुळवून, खिळा ठोकल्यासारखी उभी राहतात. उतारा बसून करून बघ, जमिनीवर करून बघ, पाठमोरी उभी राहून करून बघ. एका मुलीला मी दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या कळशा धरायला लावल्या होत्या. पहिल्या मिनिटाला ती रडकुंडीला आली, कारण हात हलवल्याशिवाय तिला 'अन्याय' हा शब्दच उच्चारता येईना.

आणि नजर. स्पर्धेत तुला शिकवलेलं असतं की परीक्षकांच्या डोळ्यांत बघून बोल. इथे ते करू नको. समोरच्या पात्राला एका ठिकाणी उभं कर, परीक्षकांच्या डोक्याच्या जरा वर किंवा जरा बाजूला, आणि त्याच्याशी बोल. परीक्षकाकडे रोखून बघत "तुम्ही माझं आयुष्य उद्ध्वस्त केलंत" म्हटलं की त्याला लिहिताही येत नाही आणि मान फिरवताही येत नाही.

आता मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटतं ते. आपली बोली. वक्तृत्वाने तुझी बोली घासून पुसून काढली असणार. मलाही शाळेत 'मी गेली' म्हटल्यावर वेताची छडी दाखवत 'मी गेले' करायला लावलं होतं. 'काय करून राहिली' याचं 'काय करते आहेस' झालं, 'मले-तुले' तर घराच्या उंबऱ्यातच अडलं. स्पर्धेपुरतं ते ठीक. प्रमाण मराठी स्वच्छ येणं ही कमाई आहे, ती सोडायचं कारण नाही. पण नागपूरची मुलं पुण्याला ऑडिशनला जातात तेव्हा पुणेकरांहून पुणेरी बोलायला बघतात, आणि तिथे त्यांच्यासमोर रोज तेच ऐकणारे लोक बसलेले असतात. दोन उतारे करायला सांगितले तर एक बोलीतला ने. एकच असेल तर मुलाखतीत तरी घरच्यासारखी बोल. मात्र बोली विनोदासाठी काढू नको. वऱ्हाडी म्हटलं की आपलीच पोरं हशा वसूल करायला धावतात. आजी दवाखान्यात आहे आणि पैसे कमी पडतायत, हेसुद्धा माणसं बोलीतच बोलतात.

आवाजाबद्दल एक अपवाद सांगते, नाहीतर तुला वाटेल मी सगळ्यांना कुजबुजायला लावते. दिवाळीनंतर कधीतरी पूर्व विदर्भात वडसा किंवा ब्रह्मपुरीच्या बाजूला जा आणि झाडीपट्टीचं नाटक रात्रभर बसून बघ. मोठा मांडव, हजारो माणसं, कडाक्याची थंडी, आणि नट असा आवाज लावतो की गावाच्या टोकाला ऐकू जावा. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. तिथला चढा आवाज आणि आपला व्यासपीठावरचा चढा आवाज सारखा नाही. तो नट ओरडतो तेव्हाही समोर उभ्या असलेल्या भावावर ओरडतो, मांडव फक्त ऐकतो. हा फरक वाचून कळत नाही, तिथे गारठत बसलं की दुसऱ्या अंकात कळतो. ऑडिशनची खोली लहान असते, तिथे एवढा आवाज लागणार नाही, पण दिशा तीच लागेल.

तुझ्यासारखाच प्रश्न गेल्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीने तिच्या भाचीसाठी विचारला होता. ती अमेरिकेत शाळेत आहे आणि तिकडच्याच कॉलेजांत नाटकाला अर्ज करणार होती. इथलं कुणी तिकडे अर्ज करत असेल तर थोडक्यात सांगते. तिकडे शालेय भाषण-वादविवादाची मोठी राष्ट्रीय संघटना १९२५ पासून आहे, आणि तिच्या स्पर्धांत नाट्यमय वाचिक सादरीकरणाचे प्रकार असतात. दहा मिनिटं, वेशभूषा नाही, वस्तू नाहीत, एकच मूल नाटकाच्या संकलित उताऱ्यातली चार-चार पात्रं आवाज आणि मान बदलून करतं. या भाचीने त्यातली पात्रं अर्जात 'भूमिका' म्हणून लिहिली होती. ते काढायला लावलं. तिकडेही नाटकं वेगळी आणि भाषण-स्पर्धा वेगळ्या मथळ्याखाली, सगळं मिळून एक पान. ऑडिशनला बहुतेक ठिकाणी दोन परस्परविरोधी स्वभावांची स्वगतं मागतात, एकेक मिनिट-दीड मिनिटाचं, आणि अनेक ठिकाणी त्याआधी व्हिडिओ पाठवून चाळणी होते. दहा मिनिटांच्या तुकड्यातून दीड मिनिट कापून आणू नये, कारण त्यात पात्रांच्या उड्या असतात. एकाच माणसाचा सलग तुकडा नव्याने शोधावा. बाकी सगळं तुला सांगितलं तेच.

तुझ्याकडे अर्जापूर्वी दोन-अडीच महिने असतील तर ते क्लास शोधण्यात घालवू नको. कुठल्यातरी हौशी संस्थेत जाऊन सांग, पडेल ते काम करते. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते तेव्हा नागपूरच्या सायंटिफिक सभागृहाच्या विंगेत कितीतरी पोरं तशीच शिकली. आत्ता हंगाम नसला तरी तालमी कुठे ना कुठे चालू असतात, शंकरनगर, धंतोली, महाल, कुणाच्या तरी गच्चीवर. तिथे तुला पहिले पंधरा दिवस कोणी बोलायला देणार नाही. चांगलंच आहे. चाळीस स्पर्धांत तू एकदाही पंधरा दिवस गप्प बसली नसशील.

तुझे बाबा विचारतील, मग एवढ्या ढालींचं काय. माझ्याही बाबांनी विचारलं होतं. त्यांना सांग की भीती गेली ती ढालींमुळेच. श्वास कुठे घ्यायचा हे कळतं, माईक मध्येच बंद पडला तरी तू थांबत नाहीस, अनोळखी मजकूर हातात आला की दोन वाचनांत त्याचा अर्थ लागतो. नाटकात पहिल्यांदा येणाऱ्या मुलाला हे सगळं वर्षभर शिकवावं लागतं, ते तुझं झालेलं आहे. आणि चिठ्ठी उचलून पाच मिनिटांत बोलायची सवय उत्स्फूर्त प्रसंग करायला दिले की उपयोगी पडतेच. फक्त तिथे विषयावर बोलायचं नसतं, प्रसंगात काहीतरी करायचं असतं. 'पाऊस' अशी चिठ्ठी आली तर पावसाची थोरवी सांगायची नाही, वाळत घातलेली कुरडई आत आणायची.

ऑडिशनच्या आदल्या रात्रीची ट्रॅव्हल्स धरू नको. एसीच्या गार वाऱ्यात पुण्यापर्यंत गेलेला घसा सकाळी दहाला उघडत नाही. एक दिवस आधी पोच. बिनइस्त्रीचा, हालचाल करता येईल असा सुती कुर्ता घाल, स्पर्धेची साडी आणि ब्रोच घरी. प्रमाणपत्रांची फाईल मागतील म्हणून जवळ असू दे, पण बॅगेत तळाशी, सतरंजीच्या खाली. टेबलावर स्वतःहून ठेवू नको. आणि आत गेल्यावर नाव सांगताना आडनावाच्या आधी थांबू नको.